तक्रार: पाच पाउंडची जुनी नोट धुवून, कडा कापून पाठवली

नमस्कार,

ऑर्डर नंबर, तुमच्या लिस्टिंगचे स्क्रीनशॉट आणि आत्ता काढलेले फोटो सोबत जोडलेत, कृपया आधी ते नीट बघा.

मागच्या महिन्यात तुमच्याकडून बँक ऑफ इंग्लंडची पाच पाउंडची पांढरी नोट घेतली. १९३६ ची, चीफ कॅशियर पेपियाटची सही, ग्रेड व्हीएफ (व्हेरी फाइन, म्हणजे वापरलेली पण चांगल्या अवस्थेतली), साडेअठ्ठावीस हजार रुपये पूर्ण अॅडव्हान्स. काल पार्सल उघडलं आणि पोटात गोळाच आला. सिरीयल नंबर तोच आहे, म्हणजे नोट बदललेली नाही, पण घड्या गायब, कागदाचा करकरीतपणा गेलाय, हातात इस्त्रीच्या रुमालासारखी मऊ लागते. तुमच्या माणसाला फोन केला तर म्हणे, "सर नोट कळकट दिसत होती म्हणून फ्री क्लीनिंग करून दिलं." मला न विचारता?

या नोटा एकाच बाजूने छापायचे, मागची बाजू कोरी. त्या काळी पाच पाउंड म्हणजे साध्या कामगाराच्या आठवड्याच्या पगारापेक्षा जास्त पैसे, त्यामुळे दुकानदार नोट घेताना गिऱ्हाईकाचं नाव-पत्ता मागे लिहून घ्यायचे. तुमच्या फोटोत मागे शाईने लिहिलेलं नाव आणि एका बँकेचा शिक्का स्पष्ट दिसत होता, मी ती नोट त्या नावासाठीच घेतली होती हो! आता तिथे फक्त फिकट निळसर डाग उरलाय.

दुसरं म्हणजे कडा. या नोटा जोडीने छापून मधोमध कापायचे, म्हणून एक कड सरळ आणि बाकी तीन हाताने बनवलेल्या कागदासारख्या ओबडधोबड असतात. माझ्या नोटेच्या चारही कडा ब्लेडने कापल्यासारख्या सरळ आहेत, माझ्याकडे त्याच काळातली दुसरी नोट आहे तिच्यावर ठेवून बघितली तर ही तीन मिलीमीटर कमी भरते. यूव्ही टॉर्चखाली जुना चिंध्यांचा कागद मंद दिसायला पाहिजे, ही पांढऱ्या शर्टासारखी निळी चमकते, म्हणजे डिटर्जंट वापरलंय हे उघड आहे.

आणि या नोटेत कागदालाच किती महत्त्व आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी झाक्सनहाउझनच्या छळछावणीत ज्यू कैद्यांकडून याच पांढऱ्या नोटांची हुबेहूब नक्कल करून घेतली, बँकेला १९४३ मधे दहा पाउंड आणि त्यावरच्या नोटा काढणं बंद करावं लागलं, आणि १९४५ मधे पाच पाउंडची नोट धातूचा धागा घातलेल्या जाड कागदावर आणली. त्याआधीच्या नोटेत धागा नाही, त्यामुळे अस्सल की नक्कल हे कागद, वॉटरमार्क आणि छपाई बघूनच ठरवायचं असतं. तो कागदच तुम्ही धुतला, आता पुढे विकायची वेळ आली तर कोण मला व्हीएफचा भाव देणार? बँक ऑफ इंग्लंड आजही पाच पाउंड देईल, पण मी पाच पाउंडासाठी घेतली नव्हती.

मला पूर्ण पैसे परत पाहिजेत, कुरियर चार्जसकट, पिकअप तुमच्या खर्चाने, पंधरा दिवसांच्या आत. नोट धुतलेली आणि कापलेली आहे हे लिहिल्याशिवाय ती परत लिस्ट करू नका, दुसऱ्या कुणाची फसगत नको. पंधरा दिवसात काही झालं नाही तर मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.

अजून एक, हे आज संध्याकाळपर्यंत करा. माझी १९१४ ची, ब्रिटिश ट्रेझरीचे सचिव ब्रॅडबरी यांच्या सहीची एक पाउंडची नोट तुमच्याकडे पॅकिंगला आहे. पहिलं महायुद्ध जाहीर झाल्यावर तीन दिवसात घाईघाईने काढलेली ती नोट टपाल तिकिटांच्या कागदावर छापलेली आहे, पाणी लागलं तर संपलंच. तिला हात लावू नका, पुसू नका, प्रेस करू नका, आहे तशी मळकी, आहे त्या घड्यांसकट पाठवा, आणि पाकीट बंद करण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो मला व्हॉट्सअॅप करा.

तुमचा एक ग्राहक