सुन्या, ती नाचली नाही हेच तर

नारायणगाव,
२६ फेब्रुवारी २०२३

प्रिय सुन्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. उत्तर टाइप करायला बसलो तर अंगठा दुखायला लागला. शेवटी बिलबुकाची मागची कोरी पानं फाडून घेतली. वहिनींचे आईवडील पुढच्या आठवड्यात तिकडं निघतायत, त्यांच्या काळ्या मसाल्याच्या पिशवीत हे पाकीट टाकतो. वास आला तर नाक मुरडू नकोस. तुझ्या न्यू जर्सीतल्या एडिसनला येणारी सगळी पत्रं अशीच यायला हवीत.

तर मुद्दा रिहाना, ती पॉप गायिका. सुपर बोलच्या, म्हणजे तुमच्या अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, मध्यंतरात बाईनं काहीच केलं नाही, नुसती फिरली, ओठ हलवले, पैसे घेतले आणि गेली, हे तुझं म्हणणं. तुमच्या पार्टीतल्या बाराही जणांचं तेच मत पडलं असंही सांगितलंस. ट्रम्पनंही तो इतिहासातला सर्वांत वाईट हाफटाइम शो ठरवून टाकलाय. तुझं आणि त्याचं एकमत झालेलं मी बत्तीस वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा पाहतोय, तेवढ्यावरनं तरी तू एकदा थांबून विचार करायला हवा होतास.

आधी तुझ्या रागाचं मूळ बघू. हाफटाइमला तुमची फिलाडेल्फिया २४-१४ नं पुढं होती. तेव्हा तू गप्प. मेसेज आला मॅच संपल्यावर, ३८-३५ नं हरल्यावर. दुसऱ्या डावात गवतावर पाय घसरले खेळाडूंचे आणि शिव्या खाल्ल्या त्या बाईनं. शिवाय तुझा तिच्यावर जुना दात आहे. शेतकरी आंदोलनावर तिनं २०२१ च्या फेब्रुवारीत एक ओळीचं ट्विट केलं, मग लतादीदी आणि सचिननं देशाच्या बाजूनं ट्विट केली, तेव्हा तू ग्रुपवर तिला 'आपल्या घरात नाक खुपसणारी' म्हणाला होतास. माझ्याकडं स्क्रीनशॉट आहे.

आता पैशाचं. हाफटाइमला गाणाऱ्याला नाचगाण्याचे पैसे मिळत नाहीत रे. स्टेज, लाइट, माणसं हा सगळा खर्च लीग आणि प्रायोजक करतात, कलाकाराला त्या तेरा मिनिटांची बिदागी नसते. त्याला काय मिळतं, तर एका वेळी बारा कोटींच्या आसपास डोळे. त्या डोळ्यांचा तिनं धंदा केला हे मात्र मला मान्य. मध्येच एका नर्तकाकडून स्वतःच्या कंपनीची पावडरची डबी घेतली आणि चेहऱ्यावर फिरवली. मला ते आवडलं नाही. आपल्याकडं गायक मध्येच थांबून 'हा कार्यक्रम अमुक ज्वेलर्सच्या सौजन्यानं' म्हणतो ना, तसलंच ते. एवढं तुझ्या पारड्यात टाकतो.

बाकी मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे, आणि ते मंडपवाला म्हणून.

तुला आठवत नसेल, पण तू तिकडं कॉम्प्युटरपुढं बसलास तेव्हापासून मी स्टेज बांधतोय. लग्नं, जत्रा, ऑर्केस्ट्रा, पुढाऱ्यांच्या सभा. स्टेजचं मला एका नजरेत कळतं. मॅच झाली ते ॲरिझोनातल्या ग्लेंडेलचं मैदान म्हणजे आधीच एक नवल. खरं गवत एका भल्यामोठ्या ट्रेमध्ये लावलेलं, तो अख्खा ट्रे चाकांवर बाहेर उन्हात नेतात आणि मॅचच्या वेळी आत सरकवतात. त्या गवतावर सात-आठ मिनिटांत जड स्टेज ढकलत आणायचं आणि तेवढ्याच वेळात काढायचं. गवताचं काय होईल सांग. म्हणून त्यांनी वेगळीच वाट काढली, फळ्या वरनं टांगल्या. खालचं आरपार दिसेल असे सात प्लॅटफॉर्म, छताला केबलनं बांधलेले, वरखाली होणारे. सर्वांत वर गेले तेव्हा पाच मजली इमारतीएवढी उंची. खालून वारा, वरून लाइट, कानात आवाज ऐकायचा मॉनिटर, आणि पायाखाली हलणारी फळी.

लेका, तू गेल्या वर्षी आमच्याकडं आलास तेव्हा देवीच्या मंडपाच्या अठरा फुटी शिडीवर चढून फोटो काढ म्हटलं, तर पाचव्या पायरीवर 'खाली कोण धरतंय रे' ओरडत होतास. आणि ती तिथं उभी राहून गात होती. पोट पुढं आलेलं. पहिलं मूल मेमध्ये झालेलं, दुसरं पोटात. शो संपल्यावर तिच्या माणसांनी ते सांगितलं. पण थांब, पोटाच्या विषयाला मी लगेच जात नाही. कारण तुझ्या विरुद्ध बाजूचे लोकही मला तेवढेच पटत नाहीत.

त्यांचं नंतर बघू. आधी 'नाचली नाही' याचं उत्तर.

आपण दोघं नारायणगावचे. तमाशाच्या पंढरीत वाढलो, पाडव्याच्या सुमाराला राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपाऱ्या द्यायला येतात. आपल्या डोक्यात कलाकार म्हणजे फडावरची लावणी. ढोलकी कडाडली, घुंगरं वाजली, पायानं फळी हादरली की पैसे वसूल. पण लावणी तेवढीच आहे का? बैठकीची लावणी विसरलास? वाईच्या यमुनाबाई वाईकरांचं रेकॉर्डिंग बघ कधीतरी. पद्मश्री मिळाली त्यांना २०१२ साली. बाई बसलेल्या. पेटी, तबला, सारंगी. उठून नाचणं नाही. एकच ओळ घेतात आणि ती परत परत म्हणतात, आणि प्रत्येक वेळी त्या ओळीचा अर्थ बदलतो. एकदा रुसवा, एकदा चिडवणं, एकदा नुसती भुवई. हाताचं एक बोट हलतं आणि समोर बसलेला माणूस घायाळ होतो. याला अदा म्हणतात. ज्याला अदा कळत नाही तो म्हणतो, बाई नुसती बसलीय की.

मला रिहानाचा शो त्या अंगानं दिसला. पांढऱ्या कपड्यांतली ऐंशीएक नाचणारी माणसं तिच्या भोवती, खाली, वर. कुणी वाकतंय, कुणी उसळतंय. आणि मधोमध लाल कपड्यातली एक बाई जवळजवळ स्थिर. डोळा जातो कुठं? तिच्याचकडं. सगळं हलत असेल तर जे हलत नाही ते दिसतं. पॅरिस गोबेल नावाची न्यूझीलंडची नृत्यदिग्दर्शिका आहे, तिनं हे बसवलं. 'रूड बॉय', 'वर्क' या गाण्यांत रिहानानं खांदा उडवला, कंबर थोडी फिरवली, अर्ध्यावर सोडून दिली, की तेवढ्यात मागची पन्नास माणसं ती हालचाल पुरी करतात. पूर्ण नाचणं सोपं असतं रे, अर्ध्यावर थांबणं अवघड. ढोलकीवाल्याला विचार, समेच्या आधीची रिकामी मात्रा कुणाला जमते.

आणि तुझा मायकल जॅक्सन! नववीच्या गॅदरिंगला मामाची काळी हॅट आणि एका हातात पांढरा मोजा घालून तू स्टेजवर घसरून पडला होतास, तो तुझा देव. त्यानं १९९३ ला पॅसाडेनात हाफटाइम शो केला तेव्हा सुरुवातीला काय केलं? उभा राहिला. काळा चष्मा, मुठी आवळलेल्या, मिनिट-दीड मिनिट नुसता पुतळा. लोक वेडे झाले. तू मला हे स्वतः तीनदा सांगितलंयस, डोळ्यांत पाणी आणून. मग पुरुष उभा राहिला की ताकद आणि बाई उभी राहिली की आळस, हा हिशेब कुठल्या वहीतला?

पाहुणे कलाकार नव्हते, हा तुझा आणखी एक आक्षेप. मागच्या वर्षी लॉस एंजेलिसजवळ डॉक्टर ड्रे, स्नूप डॉग, एमिनेम अशी सगळी रॅपर मंडळी एकदम आली होती, ते तुला फार आवडलं. मला तो शो म्हणजे सत्कार समारंभ वाटला. एकाचं झालं की दुसरा, दुसऱ्याचं झालं की तिसरा. इथं तेरा मिनिटांत बारा गाणी आणि आवाज एकीचाच. २०१६ नंतर तिनं अल्बम काढलेला नाही, पाच वर्षं स्टेजवर गायली नव्हती. अशी बाई परत येते आणि कुणालाही सोबत घेत नाही. यात मला गुर्मी दिसते आणि ती गुर्मी आवडते.

ट्रॅकचं म्हणशील तर हो, मागं आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक होता. भरपूर होता. काही ठिकाणी ती माइक खाली घेते आणि गाणं चालूच राहतं. पण तिथं सगळ्यांच्याच मागं असतो. २०१४ ला रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडवाल्यांनी तर गिटारची वायरच जोडली नव्हती आणि नंतर तसं कबूलही केलं. मैदानावर काही मिनिटांत साउंड जोडून चेक न करता लाइव्ह द्यायचं म्हणजे काय, हे मला विचार. गेल्या जत्रेला एका मोठ्या गायकाच्या कार्यक्रमात आमच्या पोराकडनं एक वायर सैल राहिली आणि तीन हजार लोकांपुढं आख्खा अंतरा शिट्टीत गेला. त्या गायकानं मला जे ऐकवलं ते या पत्रात लिहिता येणार नाही, मसाल्याला वास लागेल. मला खुपलं ते वेगळंच. 'ऑल ऑफ द लाइट्स' आणि 'रन धिस टाउन' ही दोन गाणी तिनं नुसती चाटवली. पहिलं जरा चढायला लागलं की तोडलं. तेवढा वेळ 'अंब्रेला'ला द्यायला हवा होता.

आता पोट.

तुझ्या उलट बाजूचे लोक म्हणजे इथले. दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या अर्ध्या बायकांच्या आणि पाऊण पुढाऱ्यांच्या स्टेटसला तिचा लाल फोटो आणि खाली 'मातृशक्तीला सलाम'. गंमत बघ, त्यातल्या कुणी शो पाहिलाच नव्हता. आमच्या हिनं फोटो पाहिला आणि म्हणाली, "आठव्या महिन्यात टोमॅटोचे क्रेट उचलणाऱ्या बाईचं कुणी स्टेटस ठेवलं का कधी?" मी गप्प बसलो, कारण आमचा थोरला पोटात असताना तीही बाजारात पहाटे चारला उभी असायची आणि मी तिला 'जरा बस' म्हटल्याचं आम्हा दोघांनाही आठवत नाही.

आणि मग मला विठाबाई आठवल्या. आपल्या गावची ती गोष्ट, आपण दुसरी-तिसरीपासून ऐकलेली. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, दिवस भरलेले असताना फडावर नाचत होत्या, कळा आल्या, मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत फडावर उभ्या राहिल्या. प्रेक्षकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितला. राष्ट्रपतींचं पदक दोनदा मिळालं त्यांना, १९५७ ला आणि १९९० ला. ही गोष्ट प्रत्येक भाषणात येते. स्टेज माझाच असतो, म्हणून मी ती पन्नास वेळा मागं उभा राहून ऐकलीय. टाळ्या पडतात. पण विठाबाईंना त्या रात्री नाचावं का लागलं, हे एकही वक्ता विचारत नाही. सुपारी घेतलेली, फडातल्या सगळ्या माणसांची पोटं त्या एका बाईच्या पायांवर. खेळ थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. आणि शेवटी २००२ ला गेल्या तेव्हा हालात गेल्या.

रिहानाला विठाबाईंच्या शेजारी बसवणारे लोक मला म्हणूनच पटत नाहीत. हिच्या हातात सगळं होतं. आपल्याला जेवढं हलायचंय तेवढंच हलायचं आणि बाकीचं ऐंशी माणसांनी हलायचं, असा अख्खा फड तिनं आपल्या अंगाप्रमाणं बेतून घेतला. मी आजवर हजारभर स्टेज बांधले असतील. पुढाऱ्याच्या सोफ्याच्या मापानं बांधले, फ्लेक्सच्या मापानं बांधले, नवरानवरीच्या खुर्चीच्या मापानं बांधले. नाचणाऱ्या बाईच्या अंगाच्या मापानं एकही नाही. पायरी किती उंच हवी हेही कुणी त्या बायकांना विचारत नाही. साडी धरून चढतात बिचाऱ्या.

एका गोष्टीवर मात्र तू मला घेरलं असतंस, पण तुझ्या लक्षातच आलं नाही. कॉलिन कॅपरनिक नावाचा खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला आणि पुढं त्याला कुठल्याच संघानं घेतलं नाही. त्याच्यासाठी हिनं आधी एकदा हाच शो नाकारला होता आणि २०१९ ला मुलाखतीत तसं सांगितलंही होतं. मग आता त्याच लीगच्या मैदानात का आली? कॅपरनिकला काही परत घेतलेलं नाही. मला हे टोचतं. तिच्या उभं राहण्यावर मी एवढी पानं लिहिली, पण ती जिथं उभी राहिली त्या जागेचं समर्थन माझ्याकडं नाही.

शेवटचं 'डायमंड्स' परत बघ. लांब लाल कोट अंगावर, ती फळी वर वर जाते, खाली ऐंशी पांढरे ठिपके आणि वर ही. तुमच्या पार्टीत तेव्हा कोण चिकन विंग्ज वाढत होतं कुणास ठाऊक. एकट्यानं बघ, पोरं झोपल्यावर.

बाहेर टेम्पो आलाय, स्टेजचे लोखंडी ट्रस उतरवायचेत. परवा शेजारच्या गावात ऑर्केस्ट्रा आहे. पायरी या वेळी सहा इंचांची करून घेतलीय. पोरं म्हणतायत जिना लांब होईल. होऊ दे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पाडव्याला फोन कर.

तुझा,
बाळ्या

ता. क. मसाला हिनं केलाय. तिखट आहे, तुझ्या आताच्या पोटाला झेपेल एवढाच टाक.