सूचना : ‘गहाळ’ नको, ‘चोरी’ लिहा

सर्व सभासदांस नमस्कार. पार्किंगमधून दोन सायकली गेल्या. एकाने तक्रारच दिली नाही, दुसऱ्याने दिली ती ‘गहाळ’ म्हणून. कुलूप तोडून नेलेली सायकल गहाळ कशी?

गहाळ नोंद चोरीच्या आकड्यात धरत नाहीत. आकडा बनतो एफआयआरवरून. पोलीस ठाण्यात ती सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत भरतात. राज्याची आकडेवारी पुण्यात सीआयडीकडे जमते, तिथून दिल्लीला एनसीआरबीकडे (देशभरातील गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्रीय संस्था) जाते. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले, तरी मोजतात तो सर्वांत गंभीर.

ऑनलाइन फिर्याद दिलीत तर ३ दिवसांत ठाण्यात जाऊन सही करा. प्रत मोफत मिळते, मागून घ्या. जाताना सायकलच्या फ्रेमवरचा नंबर सोबत न्या. पहिला प्रश्न तोच येतो.

– सचिव