काका, ती वही माझ्याकडेच आहे

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

२७ जुलै २०२५ ला सिएटलचा जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेला, तो सोहळा अमेरिकेतल्या कूपर्सटाउनहून टीव्हीवर दाखवला. तो संपला आणि मी कपाटातून तुमची दोनशे पानी वही काढली. हो, तीच. पुण्याला कायमचे परत निघालात तेव्हा घरभर शोधत होतात ती. माझ्याकडेच होती. २४ वर्षांचे आभार राहिलेत, त्यांच्यासोबत ही चोरीही कबूल. चारचौघांत लिहितोय, कारण फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "ठेव आता, बिल वाढतंय" म्हणता. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलला कसलं आलंय बिल!

मार्च २००१. सिएटलला येऊन मला जेमतेम पाच महिने झालेले. एका शुक्रवारी दुपारी कंपनीने आमचा अर्धा मजला घरी पाठवला. व्हिसा कंपनीच्या नावावर, खात्यात दीड महिन्याचं भाडं. मंडळाच्या दिवाळीत आपली एकदाच भेट झाली होती, तेवढ्या ओळखीवर मी वकिलाचा नंबर विचारायला फोन केला. नंबर दिलात आणि संध्याकाळी गाडी घेऊन दारात उभे. "खालची खोली रिकामीच आहे, बॅगा उचल." नोकरीचं काय झालं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. विचारलंत ते एवढंच, "बेसबॉल कळतो का?"

नव्हता कळत. ११ एप्रिलच्या रात्री तुमच्या स्वयंपाकघरात रेडिओवर सिएटल विरुद्ध ओकलंड मॅच लागली होती. काकू ताक घुसळत होत्या, तुम्ही पेन्सिलीने वहीत देवनागरी आकडे मांडत होतात. आठव्या डावात ओकलंडचा टेरेन्स लाँग पहिल्या बेसवरून (धावताना गाठायच्या थांब्यावरून) तिसऱ्याकडे सुटला. चेंडू उजवीकडे, इचिरोकडे. रेडिओवर एकदम आरडाओरडा झाला. तुम्ही हसून वहीत '९-५' लिहिलंत आणि वही माझ्यापुढे सरकवलीत. मग समजावलंत: प्रत्येक जागेला नंबर असतो. ९ म्हणजे उजवीकडचा आउटफिल्डर, लांबचा क्षेत्ररक्षक; ५ म्हणजे तिसऱ्या बेसवरचा. फेक ९ कडून थेट ५ च्या हातात, मधे कोणी नाही, गडी बाद. नंतर टीव्हीवर पाहिलं, तर चेंडू जमिनीला समांतर, ताणलेल्या दोरीसारखा गेला होता. त्याच मॅचमध्ये प्रेक्षकांनी त्याच्या अंगावर नाणी फेकली होती म्हणे.

मग स्टेडियमवर नेऊ लागलात. उजव्या बाजूची स्वस्तातली तिकिटं, इचिरोच्या ५१ नंबरच्या पाठीमागे. मागून मालगाडी भोंगा वाजवत जायची. मी चेंडूकडे बघत बसायचो, तुम्ही कोपर मारायचात. "पाय बघ त्याचे." तासाभरात एखादा चेंडू त्याच्याकडे यायचा, पण दर फेकीला तो गुडघ्यांत किंचित वाकायचा, अर्धं पाऊल सरकायचा. मधल्या वेळात खांदे ताणायचा, बैठका मारायचा. तुम्ही म्हणायचात, एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला बॅटच्या नाकासमोर उभा राहायचा, हा शंभर पावलं लांब, पण दोघांना आधीच माहीत असतं. बॅटिंगलाही तेच. डाव्या हाताने खेळत असल्याने फटका पुरा व्हायच्या आत त्याचं पाऊल पहिल्या बेसकडे पडलेलं असायचं. "ही आपली चोरटी धाव," तुम्ही म्हणालात आणि मला बेसबॉल कळला.

जूनमध्ये तुमच्याच ओळखीने मुलाखत मिळाली. गेलो तुमच्या टायमध्ये. वकिलाच्या फीचा चेक तुम्ही लिहून दिला होतात. ती रक्कम वर्षभराने परत केली, तर आठवडाभर रुसलात. तो मोसम आपल्या सिएटल मरिनर्सने ११६ मॅचेस जिंकून संपवला, पुढे बाद फेरीत न्यूयॉर्ककडून हरले तो भाग सोडा. इचिरोने २४२ हिट (बाद न होता बेस गाठून देणारे फटके) मारले, एकाच वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडूही ठरला.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून. इचिरोचे जपानातले १,२७८ हिट आणि इथले ३,०८९ मिळून ४,३६७ होतात, म्हणजे अमेरिकेत सर्वाधिक हिट मारणाऱ्या पीट रोझच्या ४,२५६ च्या पुढे. तुम्ही ठाम: "रणजीच्या आणि टेस्टच्या धावा एकत्र मोजतोस का?" मला अजून पटलेलं नाही. जपानात सलग ७ वर्षं बॅटिंगमध्ये पहिला येणाऱ्याचं ते काय रणजी होतं? असो.

१ ऑक्टोबर २००४ ची रात्र मात्र बिनभांडणाची. जॉर्ज सिसलरचा एका मोसमातला २५७ हिटचा विक्रम १९२० पासून टिकून होता. इचिरोने तो मोडला, फटाके उडाले, आणि हा माणूस कठड्याजवळ बसलेल्या सिसलरच्या मुलीकडे गेला, हातात हात घेतला. तुम्ही टोपी काढलीत. मी तुमच्याकडे बघितलं तर म्हणालात, "डोक्याला खाज सुटलीय."

२०१२ च्या जुलैत तो न्यूयॉर्कच्या संघात गेला, त्याच दिवशी सिएटलमध्येच पाहुण्यांच्या गणवेशात उतरला आणि प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला, तेव्हा तुम्ही पुण्यात होतात. पहाटे फोन केलात. दोघंही फारसं बोललो नाही.

हॉल ऑफ फेमसाठी त्याला ३९४ पैकी ३९३ मतं पडली. त्या एका महाभागाबद्दल तुम्ही काय म्हणालात ते इथे छापण्यासारखं नाही.

तर वही. ११ एप्रिलच्या पानावर '९-५' च्या पुढे तुम्ही काहीतरी लिहून खोडलंय. भिंग लावून पाहिलं, तरी पहिलं अक्षर 'पो' यापुढे लागत नाही. पोरगा? पोळ्या? रविवारी तुमच्या सकाळी फोन करतो, आठवून ठेवा. काकूंना नमस्कार.

तुमचा,
खालच्या खोलीतला