शिऱ्या, एकदा रात्री जाऊन ये

प्रिय शिऱ्या,

तुझे तीन फोन मी घेतले नाहीत, रागावू नकोस. माझा गुडघा आता बरा आहे. माईंना सिंहगड रोडच्या केअर सेंटरमध्ये ठेवणार असं नंदाकडून कळलं आणि लिहिल्यावाचून राहवेना.

खुशाल ठेव. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर त्यांचं सगळं एकट्या वहिनींच्या अंगावर टाकणं बरं नव्हे. पण डिपॉझिट भरण्याआधी रात्री नऊनंतर तिथे जा आणि एका मावशीकडे किती पेशंट आहेत ते विचार. एकाच कुशीवर पडून राहिलं की दाबाने जखमा होतात, म्हणून कूस दर दोन तासांनी बदलायची असते. एकाला वळवून, डायपर बदलून, उशा लावायला दहा मिनिटं धर. पंधरा पेशंटचे अडीच तास होतात, म्हणजे फेरी पुरी होतच नाही आणि तक्त्यावर सह्या तेवढ्या उमटतात.

"एअर बेड आहे ना," असं सांगतील. त्या हवेच्या गादीने दाब कमी होतो, पण कूस बदलावीच लागते. माई झोपलेल्या असताना कमरेच्या जागी गादीखाली तळवा सरकव. हाड थेट हाताला लागलं तर हवा कमी आहे. नळी दुमडलेली आहे का ते बघ. टाचा अधांतरी हव्यात, त्यासाठी उशी पोटरीखाली. माकडहाडाची लाली बोटाने दाब. पांढरी पडली नाही, तर जखम सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरम किंवा कडक लागतं का ते बघायचं.

तू म्हणशील, सुरू झाली याची मास्तरकी! मिरजेच्या ट्रिपलाही हेच म्हणाला होतास, आणि शेवटची गाडी कुणामुळे मिळाली?

गोळ्यांचंही बघ. सकाळच्या सगळ्या एकाच वाटीत देतात. माईंची थायरॉईडची उपाशीपोटी, नाश्त्याआधी अर्धा-एक तास, आणि कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी. हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घे. गोळ्या पाकिटातच दे, सुट्या नकोत.

डायपर, फिजिओ, ॲम्ब्युलन्स महिन्याच्या पैशांत धरलेत का? हॉस्पिटलात हलवलं तर सोबत कोण जाणार, आणि तेवढे दिवस खोलीचं भाडं चालूच राहतं का? सगळं करारात लिहून घे, तोंडी नको.

तुझ्या प्रमोशनचं कळलं, फार आनंद झाला. ओंकारची दहावी कशी गेली?

शनिवारी रात्री जाणार असलास तर कळव, मी स्वारगेटला येतो.

तुझा,
बाळ्या