मैदानाला येताना नातवाला घेऊन ये

कोल्हापूर

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवाच्या तुझ्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच देता आले असते, परंतु फोनवर माझे बोलणे "बरे आहे, जेवलात का, ठेवतो" यापलीकडे जात नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून सावकाश लिहीत आहे. चैत्रातल्या यात्रेच्या कुस्त्यांना नातवाला घेऊन ये, असे मी सुचवले. त्यावर तू म्हणालीस की हल्ली बहुतेक मोठी मैदाने यूट्यूबवर थेट दिसतात, डाव जवळून दिसतो, नजर चुकली तर मागे नेऊन पुन्हा पाहता येतो. मग एवढ्याशा पोराला पुण्याहून आणून चार-पाच तास उन्हात आणि धुळीत बसवण्यात काय हशील आहे? प्रश्न रास्त आहे. नुसती कुस्ती पाहण्यापुरते बोलायचे तर पडद्यावर ती मैदानापेक्षा चांगली दिसते, हे मी आधीच मान्य करतो. कुंडलला किंवा वारणानगरला जाणे जमत नाही तेव्हा मीही मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून तेच करतो, आणि तुझी आई त्यावरून मला बोलते.

परंतु मातीवरच्या मैदानात गुणफलक नसतो, ही गोष्ट तू विचारात घेतलेली नाहीस. गादीवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, डावागणिक गुण मिळतात, आणि शेवटी फलकावरचा आकडा पाहून कोण जिंकले ते अगदी नवख्या माणसालाही कळते. मातीत पाठ लागली की कुस्ती झाली. पण ती खरोखर लागली, की पैलवान नुसता कुशीवर गेला, हे हौदाच्या, म्हणजे मातीच्या आखाड्याच्या, एका बाजूच्या लोकांना दिसते आणि दुसऱ्या बाजूला पंचाची पाठ तेवढी दिसते. मग हजारो माणसे एकदमच शेजारच्याला विचारतात, "लागली का?" आणि शेजारचा, ओळखीचा असो वा नसो, छातीठोकपणे उत्तर देतो. कोणता पैलवान कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, मागच्या साली याच जोडीचे काय झाले होते, समोरचा खडाखडी, म्हणजे सुरुवातीची उभ्याने चालणारी झटापट, लांबवतो आहे तो दम राखण्यासाठी की पोटात गोळा आला आहे म्हणून, यातले काहीही कुठे लिहून लावलेले नसते. शंकर पुजारींसारखा निवेदक असला तर पुष्कळसे सांगून जातो, पण हलगी कडाडू लागली आणि लोक उठून उभे राहिले की त्याचाही आवाज बुडतो. उरतो तो शेजारी बसलेला माणूस. एकट्याने आलेला नवखा तासाभरात कंटाळून उठतो आणि जाणत्याला टेकून बसलेले पोर रात्रीपर्यंत हलत नाही, याचे कारण माझ्या मते एवढेच आहे.

मी हे तुझ्या आजोबांच्या शेजारी बसून शिकलो. तू त्यांना थकलेल्या वयात पाहिलेस, तेव्हा ते बरेच मवाळ झाले होते. माझ्या लहानपणी जेवताना मीठ हवे असले तरी ते तोंडाने न मागता ताटाच्या डाव्या बाजूला बोट दाखवीत. मैदानात मात्र त्यांची जीभ सुटत असे. गंगावेशीचा कोण, मोतीबागेचा कोण, शाहूपुरी तालमीत कोणत्या वस्तादाने कोणता डाव घोटून घेतला, हे सगळे ते हळू आवाजात, माझ्याकडे न पाहता, हौदावर नजर ठेवून सांगत जात. खालचा पैलवान मातीला चिकटून बसला आणि वरच्याने त्याच्या लांगेत हात घातला की आजोबांचा हात माझ्या गुडघ्यावर पडे, आणि घिस्सा डाव ओढला जाण्याच्या क्षणभर आधी तो घट्ट आवळला जाई. काही काळाने मी हौदाकडे न पाहताही नुसत्या गुडघ्यावरून निकाल ओळखू लागलो. त्यांचा एक धाकटा भाऊ तालमीत होता आणि ऐन उमेदीत विषमज्वराने गेला, हे मला घरात कधी कोणी सांगितले नव्हते. ते त्यांनीच मला सांगितले, खासबाग मैदानात, दोन कुस्त्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात, शेंगा सोलता सोलता. पुढची जोड हौदात उतरली आणि विषय तिथेच थांबला. पण त्या दिवसानंतर मला वडिलांची पूर्वीसारखी भीती वाटली नाही. आपल्याकडच्या पुरुषांना एकमेकांसमोर बसून असले काही बोलता येत नाही. दोघांचेही डोळे हौदाकडे लागलेले असले की जमते.

खासबागेविषयी नातवाला तू काही सांगितले आहेस की नाही कोण जाणे, म्हणून लिहितो. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेस गेले होते. त्या प्रवासात रोमचे जुने प्रेक्षागार पाहून तसेच मैदान करवीरात असावे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. त्यातली खरी करामत उतरणीत आहे. मधोमध हौद आणि भोवताली चढत गेलेली उतरण, त्यामुळे अगदी वरच्या कडेला टेकलेल्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून कुस्ती दिसते. पहिली मोठी कुस्ती गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची झाली असे सांगतात. त्याच १९०२ साली ज्या राजाने आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्यानेच मैदान बांधतानाही शेवटच्या माणसाला दिसेल की नाही याची काळजी घ्यावी, यात मला एकच स्वभाव दिसतो. इतिहासाचे प्राध्यापक कदाचित माझ्याशी सहमत होणार नाहीत. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागली, त्या रात्री तू फोन करून आधी "मैदान नीट आहे ना?" एवढेच विचारलेस. तुझी आई अजून हे सगळ्यांना सांगते.

माणसे जमून पाहतात म्हणजे काय होते, याचे मला सर्वांत मोठे वाटणारे उदाहरण खाशाबा जाधवांचे आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांच्याजवळ पैसे नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या गाड्यांतल्या बहुतेकांनी हेलसिंकीची कुस्ती पाहिलेली असणे शक्य नव्हते. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, आणि त्याच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे पैसे फेडले. म्हणजे त्या दिवशी ज्यांनी तिकीट काढले, त्या प्रत्येकाने एका शिक्षकाचे घर सोडवायला आपापल्या परीने हात लावला. तुझे आजोबा खाशाबांचे नाव निघाले की पदकाविषयी फारसे बोलत नसत. या मैदानाची गोष्ट मात्र दर वेळी नव्याने सांगत.

आता तुझ्याविषयी. तू दुसरी-तिसरीत असताना मी तुला प्रथम यात्रेच्या मैदानाला नेले, तेव्हा गल्लीतले दोघे-तिघे "पोरीला कशाला?" असे मला ऐकू जाईल अशा बेताने बोलले होते. तुझ्या आईने दारातूनच "तिला जायचे आहे, तुमचे काय जाते?" असे विचारून तो विषय मिटवला. रेवडीच्या कुस्त्या चालू होत्या. तुझ्याच वयाची पोरे लंगोट लावून हौदात उतरत होती आणि जिंकणारा पुढ्यातल्या लोकांतून फिरून बक्षिसाच्या नोटा गोळा करीत होता. सगळे मैदान त्या जिंकलेल्या पोराकडे पाहत असताना तू मला विचारलेस, "आप्पा, तो दुसरा कुठे गेला?" इतकी वर्षे कुस्त्या पाहूनही मी त्या बाजूला कधी लक्ष दिले नव्हते. आपण दोघांनी शोधले. हौदाच्या कडेला एक वयस्क वस्ताद त्या पोराच्या पाठीवरची माती टॉवेलने झाडत होता. नीट निरखून झाडत होता, जणू मातीचा कणही राहता कामा नये. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने पोराला हाक मारून जवळ बोलावले आणि जिंकलेल्याला दिली होती तेवढीच नोट त्याच्याही हातावर ठेवली. कॅमेरा अशा वेळी जिंकलेल्याच्या मागे जातो, आणि जाणारच. त्यानंतर तू आणि मी दर कुस्तीला आधी हरलेला कुठे जातो ते पाहू लागलो. तुला हे आठवते का, हे मी कधी विचारले नव्हते, आज विचारतो.

२०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हा गल्लीतल्या त्याच दोघा-तिघांपैकी एकाने मला वर्तमानपत्र आणून दाखवले. मी काही बोललो नाही. आता आपल्या भागातल्या मैदानांत मुलींच्या कुस्त्या नेमलेल्या असतात आणि हे गृहस्थ पुढे बसून बक्षीस देतात, त्यामुळे जुने उकरून काढण्यात अर्थ नाही.

मैदानातले सगळेच चांगले असते असे तुला सांगून मी फसवणार नाही. सत्कार फार लांबतात. एकेका पाहुण्याला फेटा, नारळ, शाल आणि दोन शब्द, यात संध्याकाळ निघून जाते आणि अंग घासून गरम झालेले पैलवान थंड पडतात. हलगी-घुमक्याच्या जागी कुठे कुठे ध्वनिवर्धकाच्या भिंती आल्या आहेत, त्यांच्यापुढे शेजारच्याशी बोलताच येत नाही, आणि माझ्या लेखी ते मैदान वायाच गेले. नुरा कुस्तीही अधूनमधून होते. परंतु तीही नातवाने पाहावी असे मला वाटते, कारण ठरवून केलेली कुस्ती ओळखायला लोकांना फार वेळ लागत नाही. आधी एका कोपऱ्यातून हसू येते, मग शिट्ट्या, आणि थोड्याच वेळात सगळे मैदान "सोडवा, सोडवा" म्हणून ओरडू लागते. त्या वेळी जाणत्यांना ते कशावरून कळले, हे विचारायला त्याच्या शेजारी कोणीतरी असले पाहिजे.

तेव्हा या, आणि येणारच असाल तर थोडी व्यवस्था सांगून ठेवतो. दुपारी लवकर निघावे; मुख्य कुस्ती पाहायला रात्री येणारे लोक फक्त गर्दी पाहून जातात. लहान पोरांच्या कुस्त्यांपासून बसावे, कारण त्याला आपल्या वयाची पोरे मातीत उतरलेली दिसली तरच पुढचे तीन तास तो तग धरेल. आपण पश्चिमेकडच्या बाजूला बसू, म्हणजे उतरते ऊन पाठीवर येईल, तोंडावर येणार नाही. कुस्त्या लागण्याआधी मी त्याला हौदाजवळ नेऊन माती हातात घ्यायला लावीन; ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालून ती कालवलेली असते, आणि हा वास तुमच्या मोबाइलवरून काही येत नाही. त्याला टोपी आणि पाण्याची बाटली द्यावी. खाऊ आणू नये, शेंगा आणि कलिंगड तिथे मिळते. तो मध्येच कंटाळला तर त्याला रागावू नये, माझ्या मांडीवर झोपू द्यावे, तूही झोपायचीस आणि हलगी वाढली की दचकून उठून "कोण पडला?" असे विचारायचीस.

तुझ्या आईलाही या वेळी चल म्हटले आहे. तिला इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते असे ती म्हणते, आणि तिने आत्ताच चटई व उशी बाजूला काढून ठेवली आहे. जावईबापूंना सांग की मोठी कुस्ती रात्री दहाच्या आत लागत नाही, तेव्हा दुसऱ्या दिवसाची रजा त्यांनी आधीच टाकावी, आणि परत निघण्याची घाई करू नये.

तुझा,
आप्पा