नाक मोकळे करणारे थेंब पाच दिवसांपुरतेच

महोदय,

मार्च लागला की नागपुरात घरोघरी झाकून ठेवलेले कूलर सुरू होतात आणि पंधरा दिवसांत कान-नाक-घशाच्या ओपीडीत चोंदलेल्या नाकांची गर्दी वाढते. गेल्या वर्षीच्याच ताट्या ठेवून कूलर चालू केला, तर त्यांत साठलेली धूळ आणि बुरशी थेट उशाशी येते. त्यात आपला उन्हाळा कोरडा. एरवी या हवेत गादीतले धुळीचे कीटक तग धरत नाहीत, पण रात्रभर ओलसर राहणाऱ्या खोलीत ते मजेत वाढतात. म्हणून ताट्या दरवर्षी नव्या घाला, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून वाळवा, आणि पहिल्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवून, खोलीत कोणी नसताना कूलर अर्धा तास चालू द्या.

पण हे पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. दवाखान्यात येण्याआधी यातले बरेच जण चौकातल्या दुकानातून नाक मोकळे करणारे थेंब घेतात आणि महिनोन्‌महिने वापरतात. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले हे थेंब वाईट नाहीत. नाकाच्या आत दोन्ही भिंतींना रक्तवाहिन्यांनी भरलेले मांसल उंचवटे असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. थेंब पडताच त्या रक्तवाहिन्या आकसतात आणि काही मिनिटांत वाट मोकळी होते. रोज वापरले की हा परिणाम हळूहळू तोकडा पडतो. आधी आठ-दहा तास पुरणारा थेंब पुढे तीन-चार तासही पुरत नाही, आणि उतरला की सूज पहिल्यापेक्षा जास्त येते. मग थेंबाशिवाय झोप लागत नाही. अशा नाकात दुर्बिणीने पाहिले तर टर्बिनेट लालभडक आणि फुगलेले दिसते. ॲलर्जीच्या नाकात तेच बहुधा फिकट, निळसर असते. मूळ सर्दी कधीच गेलेली असते, आजार औषधाचाच उरतो.

यातून बाहेर पडता येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे रोज सुरू करावा आणि थेंब आधी एकाच नाकपुडीत बंद करावेत. ती बाजू आठवडा-दोन आठवडे चोंदलेली राहील, झोपताना उशी थोडी उंच घ्यावी. ती बाजू मोकळी झाली की दुसरीकडचेही थेंब बंद करावेत. चौथ्या-पाचव्या रात्री धीर सुटतो आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. तेवढ्या रात्री निभावल्या की पुढे सोपे होते.

स्टिरॉइड हा शब्द ऐकूनच अनेक जण स्प्रे सोडून देतात. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनसारख्या स्प्रेमधले औषध रक्तात अत्यल्प जाते. गोळ्या-इंजेक्शनांशी त्याची तुलना नको. फायदा मात्र लगेच दिसत नाही, पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून बाटली कपाटात गेली, तर दोष औषधाचा नाही. मारण्याची पद्धतही बहुतेकांची चुकते. बाटली हलवा, मान किंचित पुढे झुकवा, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा, टोक कानाच्या दिशेने असू द्या, श्वास हळूच आत घ्या. टोक दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याकडे राहिले तर औषध तिथेच बसते आणि नाकातून रक्त येऊ लागते. जोरात ओढले तर ते घशात जाते.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. उकळून गार केलेले 250 मिलिलिटर पाणी, आयोडीन नसलेले मीठ सपाट अर्धा लहान चमचा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. धुऊन दहा मिनिटांनी स्प्रे मारावा. पाणी उकळलेलेच हवे, नळाचे किंवा आरओचे तसेच घेऊ नये. पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. केरळमध्ये अलीकडे अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. बाम चोळल्याने फक्त गारवा जाणवतो, वाट रुंदावत नाही. सेटिरिझिनसारख्या गोळ्या शिंका आणि पाणी गळणे थांबवतात, चोंदणे फारसे नाही. आणि हे खास आपल्या शहरासाठी: ॲलर्जीवरची फेक्सोफेनाडिनची गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घेऊ नका. रसामुळे ती नीट शोषली जात नाही. साध्या पाण्याबरोबर घ्या.

'हाड वाढलंय' आणि 'मास वाढलंय' हे दोन शब्द घेऊन रुग्ण येतात, तेव्हा त्यामागे निरनिराळ्या गोष्टी असतात. हाड वाढलेले नसते, मधला पडदा वाकडा असतो. तो थोडाफार वाकडा पुष्कळांचा असतो आणि प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. औषधे नीट घेऊनही एक बाजू कायम बंद राहिली, तरच तिचा विचार करावा, आणि शक्यतो चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे सतरा-अठरा वर्षांनंतर. 'मास' म्हणजे कधी सुजलेले टर्बिनेट, कधी पॉलिप. पॉलिप सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो, टोचला तरी दुखत नाही, वासही जातो. दुर्बिणीने काढले तरी पॉलिप पुन्हा येतात, म्हणून नंतरही स्प्रे चालू ठेवावा लागतो. गाल बोटाने हळूच बाहेर ओढला आणि श्वास एकदम मोकळा झाला, तर अडचण नाकपुडीच्या वरच्या अरुंद भागात असू शकते. ती फक्त पडदा सरळ करून जात नाही. दर काही तासांनी आलटून पालटून एक बाजू जड वाटणे हा मात्र आजार नव्हे, नाकाची ती रीतच आहे.

काही वेळा थांबणे धोक्याचे असते. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत मणी, वाटाणा किंवा स्पंज अडकलेला असतो असेच धरून चाला. बटणासारखी बॅटरी असेल तर काही तासांत पडदा जळतो. चेंडू लागून दोन्ही बाजू अचानक बंद झाल्या, तर पडद्यात रक्त साठलेले असू शकते. ते त्याच दिवशी काढावे लागते, नाही तर कूर्चा मरते आणि नाक मध्ये खचते. मोठ्यांमध्ये एकच बाजू बंद आणि रक्त, किंवा मधुमेह असताना गाल-डोळा सुजणे आणि नाकात काळी खपली, यात दिवस घालवू नयेत. मुलगा तोंड उघडे टाकून घोरतो आणि हाकेला ओ देत नाही, तेव्हा ॲडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) आणि कान दोन्ही तपासून घ्या. मेयो, मेडिकल आणि मिहानचे एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत.

शहरातल्या औषध विक्रेत्यांना आमची एक विनंती आहे. थेंबांची बाटली देताना खोक्यावर पेनाने विकल्याची तारीख आणि 'पाच दिवस' एवढे लिहून द्या. मुलासाठी मागितली तर वय विचारा, मोठ्यांचे 0.1 टक्क्याचे झायलोमेटाझोलिन लहान मुलांना चालत नाही. आणि तोच माणूस महिन्यात दुसऱ्यांदा बाटली मागायला आला, तर त्याला आधी नाक तपासून घ्यायला सांगा.

– कान-नाक-घसा विभागात काम करणारे काही डॉक्टर, नागपूर