पोटरीचं दुखणं आणि कंबरेचं माप

नौपाडा, ठाणे

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे रिपोर्ट नीट वाचले. तलावपाळीचा अर्धा फेरा झाला की पोटरी आवळून येते आणि कठड्याला टेकून पाच मिनिटं उभा राहिलास की मोकळी होते, याला वय झालं म्हणून सोडून देऊ नकोस. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्यात. घोट्याचा रक्तदाब 108, दंडाचा 144, म्हणजे भागाकार 0.75. तो 0.90 किंवा त्याखाली आला की हा आजार धरतात. जुन्या मधुमेहात रोहिणी कडक होऊन आकडा 1.40 च्या वर, खोटाच चढा येतो. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. तुला त्याची गरज नाही.

मला खरी काळजी दुसऱ्या कागदाची वाटते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 210 (150 च्या आत हवं), एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 34 (किमान 40), उपाशीपोटी साखर 112 (100 च्या आत), रक्तदाबही 130/85 च्या वर. कंबर तू 94 लिहिलीस, पण ती पँटच्या पट्ट्यावर मोजली असशील, आणि पट्टा पोटाखाली सरकलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धर, श्वास सहज सोडून वाच. आपल्याकडच्या पुरुषांना मर्यादा 90 सेंटिमीटर. पाचांपैकी तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम. तुझे पाचही बिघडलेत. पोटातल्या चरबीमुळे इन्सुलिन नीट लागू पडत नाही, आणि जे पायाच्या रोहिणीत साचलंय तेच हृदयाच्या आणि मेंदूच्याही रोहिण्यांत साचतं. या आजारात पाय गमावण्यापेक्षा हार्ट अटॅकचा धोका मोठा असतो रे.

हृदय तपासून डॉक्टरांनी हो म्हटलं की चालायला लाग. कळ सुरू होताच थांबू नकोस; बऱ्यापैकी दुखेपर्यंत चाल, मग बसून कळ पूर्ण थांबू दे, पुन्हा चाल. असं 30 ते 45 मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, बारा आठवडे. फरक हळूहळू पडतो, म्हणून लोक तिसऱ्या आठवड्यातच सोडतात. तू सोडू नकोस.

सिगारेट एकही नको. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, रिपोर्ट सुधारला म्हणून बंद करायचं नाही; सुधारतो तो त्याच्यामुळेच. उपवासाला साबुदाणा टाळ, तो जवळजवळ नुसता स्टार्च.

रात्री पाय बघ, बोटांच्या बेचक्यांतही. गरम पाण्याची पिशवी लावू नकोस, भोवरी ब्लेडने कापू नकोस. जखम दोन आठवड्यांत भरली नाही किंवा झोपेत पाय ठणकू लागला तर लगेच दाखव. आणि पाय एकाएकी गार, पांढरा पडला तर सकाळची वाट बघू नकोस, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठ.

तुझा,
सुधीर